जाईचा वेल चार वर्षांचा झाला, पानांनी भरला, पण कळी धरत नाही

सांजवेळ (धागाकर्ती)

माझ्या बागेतील जाईच्या वेलाला या वर्षी चार वर्षे पूर्ण झाली. लावताना ती जेमतेम हातभर उंचीची काडी होती. आज तो वेल भिंतीवरच्या जाळीवरून चढून छताच्या पन्हळीपर्यंत पोहोचला आहे, त्याचा बुंधा अंगठ्याहून जाड झाला आहे आणि पाने इतकी गर्द हिरवी आहेत की पाहणारा प्रत्येक जण वेलाचे कौतुक करतो. मात्र चार वर्षांत मी या वेलावर मोजून ११ फुले पाहिली, आणि ती सगळीच्या सगळी पहिल्या वर्षातली आहेत. त्यानंतरच्या तीन वर्षांत एकही कळी माझ्या दृष्टीस पडलेली नाही.

मी काय करते ते सविस्तर लिहिते, म्हणजे चूक कुठे आहे हे सांगणे जाणकारांना सोपे जाईल. वेलाला रोज सकाळी पाणी घालते. महिन्यातून एकदा कुंपण कापण्याच्या मोठ्या कात्रीने वेलाचा बाहेर आलेला भाग सारखा करून घेते, कारण तसे न केल्यास शेंडे पन्हळीत शिरतात आणि पाणी तुंबते. शेजारीच हिरवळ आहे आणि तिला वर्षातून तीन-चार वेळा खत दिले जाते. वेलासाठी वेगळे असे खत मी देत नाही. वेलाच्या खालच्या भागावर सकाळी सुमारे दोन तास ऊन येते, पुढे शेजारच्या झाडाची सावली पडते, आणि वरच्या दोन-अडीच हातांवर मात्र दुपारपर्यंत ऊन असते.

ज्यांच्या वेलांना नियमित फुले येतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. हा वेल काढून दुसरा लावावा असा सल्ला मला घरातूनच मिळाला आहे, पण तो मानण्याची माझी अजून तयारी नाही.

मुळाक्षर

वेल काढण्याचा विचारही मनात आणू नका. बुंधा निरोगी असलेली जाई दहा-पंधरा वर्षे सहज फुलते. आपल्या वर्णनावरून नत्राचा अतिरेक झाला आहे हे उघड दिसते. हिरवळीला घालतात त्या खतात नत्र सर्वाधिक असते आणि जाईची मुळे काही हिरवळीच्या कडेशी येऊन थांबत नाहीत. नत्र मिळत राहिले की वेल पाने आणि लांब धुमारे काढत राहतो, फुलांकडे वळत नाही. बुंध्याभोवती दोन मुठी हाडांचा चुरा मिसळा आणि हिरवळीला घालायचे ते खत वेलापासून निदान तीन-चार हात लांब ठेवा. पुढच्या हंगामात फरक दिसेल असे मला वाटते.

ओलमाती

खताविषयी वर आलेले म्हणणे मला मान्य आहे, पण माझ्या मते आपल्या वेलाचे मुख्य दुखणे खत हे नसून कात्री हे आहे. तसे ठामपणे म्हणण्यापूर्वी मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे हा वेल खरोखरच जाईचा आहे का, आणि असल्यास कोणत्या जाईचा. पान हातात घेऊन पाहा. जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम या जाईचे पान एका देठावर ५ ते ९ पर्णिका (छोटी उपपाने) मिळून झालेले असते आणि टोकाकडच्या पर्णिका बऱ्याचदा तळाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. जुईच्या पानात एक मोठी पर्णिका आणि तिच्या खाली कानाच्या पाळीसारख्या दोन अगदी लहान पर्णिका असतात. तिच्या शास्त्रीय नावातील ऑरिक्युलेटम या शब्दाचा अर्थही ‘लहान कानांची’ असाच आहे. आपले पान एकसंध, जाड आणि चकचकीत असेल आणि फांदी मोडताच पांढरा चीक येत असेल, तर ती जाई नव्हेच. स्टार जास्मिन म्हणून विकला जाणारा तो वेल कण्हेरीच्या कुळातला आहे आणि त्याची छाटणी वेगळ्या वेळी करावी लागते.

दुसरी गोष्ट, वेल बियांपासून आला होता की काडीपासून? फुलणाऱ्या वेलाची काडी असेल, तर वय झाले नाही म्हणून फुले नाहीत ही शक्यता निकालात निघते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपली कात्री जिथे पोहोचत नाही अशी एखादी फांदी वेलावर आहे का? पन्हळीच्या मागे, जाळी आणि भिंत यांच्या फटीत, कुठेही. ती शोधा आणि तिचे टोक नीट पाहून इथे लिहा.

सांजवेळ

आपल्या सूचनेप्रमाणे काल शिडी लावून पाहणी केली. पानावर ७ पर्णिका आहेत, काहींवर ९ आहेत, आणि टोकाच्या तीन पर्णिका खरोखरच तळाशी जोडलेल्या आहेत. चीक अजिबात येत नाही. वेल काडीपासून आलेला आहे, आणि ज्या वेलाची काडी होती तो भरभरून फुलणारा होता. म्हणूनच मी ती आग्रहाने मागून आणली होती.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मला थोडे वाईट वाटते आहे. पन्हळीच्या मागे, भिंतीला टेकून, दोन फांद्या वर गेलेल्या सापडल्या. माझ्या कात्रीला त्या कधीच दिसल्या नव्हत्या. त्यातील एकीच्या टोकाला वाळलेला, तपकिरी, पाच-सहा काड्यांचा एक झुबका होता. प्रत्येक काडीच्या टोकावर लहानशी वाटी होती आणि वाटीच्या काठावर दोऱ्यासारखे पाच बारीक दाते होते. झुबक्यातल्या मधल्या वाटीचा देठ अगदी आखूड होता आणि भोवतालच्यांचे देठ चांगले लांब होते. मी तो झुबका तोडून खाली आणला आणि आता तो माझ्यासमोर कागदावर ठेवलेला आहे. ही फुलांची खूण आहे का?

ओलमाती

होय, ती फुलांचीच खूण आहे. ती वाटी म्हणजे फुलाचा निदलपुंज. पाकळ्या गळून गेल्यावरही तो फांदीवर बराच काळ टिकतो. मधल्या फुलाचा देठ आखूड आणि कडेच्या फुलांचे देठ लांब असणे ही या जाईच्या गुच्छाची ओळखच आहे. म्हणजे आपला वेल फुलू शकतो आणि फुललाही आहे, मात्र फक्त तिथे, जिथे कात्री गेली नाही.

याचे कारण असे आहे की ही जाई नव्या फुटीच्या टोकावर फुलते. जुन्या फांदीच्या पेरावरचा डोळा फुटतो, त्यातून कोवळा धुमारा निघतो, तो पानांच्या काही जोड्या काढतो आणि मग त्याची वाढ टोकाशी थांबून तिथे कळ्यांचा गुच्छ तयार होतो. कात्री लावल्यापासून नव्या धुमाऱ्यावर उमलण्याजोग्या कळ्या येईपर्यंत उबदार हवामानातही साधारण तीन महिने जातात. आपण मात्र दर महिन्याला सगळे शेंडे एका रेषेत कापत आहात. प्रत्येक वेळी वेल नव्याने सुरुवात करतो, आणि गुच्छ धरण्याच्या आधीच पुढची कापणी येते. कापलेल्या प्रत्येक टोकाखालून दोन नवे धुमारे निघतात म्हणून वेल दाट आणि गर्द दिसतो. पाहणाऱ्यांना जी समृद्धी वाटते, ती पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलेली वाढ आहे.

त्यात उन्हाची भर पडते. जाईला फुलण्यासाठी दिवसाला निदान ६ तास थेट ऊन हवे. आपल्या वेलाचा खालचा भाग दोन तासांवर जगतो आहे, तिथे पाने टिकतील पण कळ्या फारशा धरणार नाहीत. पुरेसे ऊन मिळणारा भाग वरचे दोन-अडीच हात इतकाच आहे, आणि पन्हळीमुळे नेमका तोच भाग आपण सर्वाधिक कापता. पहिल्या वर्षी ११ फुले आली, कारण तेव्हा वेल लहान होता आणि कापण्याची गरजच पडली नव्हती.

आता काय करावे ते सांगतो. वाढीचा हंगाम सुरू होण्याच्या थोडे आधी, थंडी सरत आल्यावर, एकदाच आणि मोठी छाटणी करा. मोठी कात्री बाजूला ठेवून सिकेटर, म्हणजे एकेक फांदी कापायची छोटी कात्री, घ्या. आधी वाळलेल्या, रोगट आणि काडीइतक्या बारीक फांद्या मुळापासून काढा. मग पाच-सहा जाड, निरोगी फांद्या निवडा आणि त्या जमिनीपासून सुमारे ७५ ते ९० सेंटिमीटरवर, एखाद्या फुगीर डोळ्याच्या बोटभर वर, तिरक्या कापा. उरलेल्या फांद्या बुंध्यापाशी काढून टाका. वेल उघडा-बोडका दिसेल आणि हे पाहून पोटात गोळा येईल, पण जिवंत डोळे असलेली जाई यातून उत्तम सावरते. त्यानंतर फुलांचा हंगाम संपेपर्यंत कात्री लावायची नाही. पन्हळीकडे जाणारा धुमारा कापण्याऐवजी हाताने वळवून उन्हाच्या बाजूला बांधायचा.

पर्णिका

वरील सल्ला वाचणाऱ्या इतरांसाठी एक इशारा लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हाच सल्ला दुसऱ्या जातीला लागू केल्याने माझे एक संपूर्ण वर्ष वाया गेले आहे.

माझ्याकडे जॅस्मिनम पॉलिअँथम आहे. त्याच्या कळ्या बाहेरून गडद गुलाबी असतात, आतून फूल पांढरे निघते, आणि हिवाळा संपताना ते इतके दाट येते की पाने झाकून जातात. हा वेल आदल्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर फुलतो. मी ‘थंडी सरताना छाटणी करावी’ एवढेच लक्षात ठेवून ती केली आणि तयार कळ्यांसह सर्व फांद्या कापून टाकल्या. या जातीची छाटणी फुले संपल्याबरोबर, लगेचच, करायची असते, म्हणजे पुढच्या फुलांसाठी लागणाऱ्या फांद्या वाढायला तिला उरलेले वर्ष मिळते. हिवाळ्यात फुलणाऱ्या पिवळ्या जॅस्मिनम न्यूडिफ्लोरमचेही तसेच आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी कात्री लावलीच नाही, तरीही फुले आली नाहीत, आणि त्याचे कारण समजायला मला बराच काळ लागला. थंडीच्या सुरुवातीला मी कुंडी उबदार खोलीत आणून ठेवत होते. पॉलिअँथमला कळ्या धरण्यासाठी काही आठवडे गार रात्रींची गरज असते, साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या. कडाका पडण्यापूर्वीची ती गार हवा त्याला बाहेर राहूनच मिळाली पाहिजे. गेल्या वर्षी मी कुंडी दहिवर पडू लागेपर्यंत ओसरीत ठेवली, नंतर उजेडाच्या पण न तापवलेल्या खोलीत आणली, आणि वेल फुलला.

म्हणून ‘जाई कधी छाटावी’ असा प्रश्न विचारण्याआधी आपली जाई नव्या फुटीवर फुलते की जुन्या फांदीवर, हे प्रत्येकाने शोधून काढावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ओलमाती

पर्णिका, आपण हे लिहिलेत ते फार चांगले झाले, माझ्या प्रतिसादातील ती उणीवच होती. त्यात आणखी एक जोडतो. थंड हवामानात भिंतीवर चढवला जाणारा जॅस्मिनम ऑफिसिनाले या दोहोंच्या मधला आहे. तो आदल्या वर्षीच्या फांद्यांच्या आखूड बगलफुटींवरही फुलतो आणि चालू वाढीच्या टोकांवरही. त्यामुळे त्याची फुले ओसरल्यावर फक्त विरळणी करावी, सरसकट कापणी करू नये.

ग्रँडिफ्लोरम मात्र थंडीला नाजूक आहे. फ्रान्समधील ग्रास या गावाच्या परिसरात अत्तरासाठी हीच जाई लावत, तेव्हा ती काटक ऑफिसिनालेच्या खुंटावर (मुळांकडच्या भागावर) कलम करत आणि हिवाळ्यापूर्वी बुंध्यांना मातीची भर घालत. आपल्यापैकी कोणाचा वेल कलमी असेल, तर कलमाच्या जोडाखालून येणारे धुमारे वेळीच काढत जा. नाहीतर काही वर्षांत खुंटच वेल होऊन बसतो आणि आपण भलत्याच झाडाच्या फुलांची वाट पाहत राहतो.

मुळाक्षर

छाटणीविषयीचे म्हणणे पटले. माझ्या हाडांच्या चुऱ्याच्या सल्ल्यावर कोणी काही बोलले नाही, म्हणून विचारतो: तो द्यावा की नाही? मी अनेक वर्षे देत आलो आहे आणि माझा वेल फुलतो.

ओलमाती

आपल्या मातीत तो लागू पडत असेल तर जरूर द्यावा. हाडांच्या चुऱ्यातील स्फुरद (फॉस्फरस) आम्लधर्मी मातीत हळूहळू सुटे होते, परंतु मातीचा सामू (पीएच) ७ च्या वर असेल, विशेषतः जमीन चुनखडीची असेल, तर ते बहुतांशी अडकूनच राहते आणि मुळांच्या हाती लागत नाही. तशा जमिनीत लाकडाची राख टाकल्याने तर सामू आणखी चढतो. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. तेव्हा १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून, ऊन उतरल्यावर, पानांवर फवारल्यास पाने सावरतात. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू झाला असेल तर ते लोहाचे लक्षण नाही, एवढे ओळखावे.

सांजवेळ यांच्या वेलाला मी सध्या चांगले कुजलेले शेणखत सोडून काही देणार नाही. छाटणीनंतर बुंध्यापासून हातभर अंतरावर आळे करून त्यात दोन-तीन पाट्या शेणखत मिसळावे, म्हणजे पुरे. नत्र कमी आणि स्फुरद-पालाश जास्त असे फुलझाडांचे मिश्र खत द्यायचेच असेल, तर ते नवी फूट वीतभर झाल्यावर, थोडे, आणि पाण्यासोबत द्यावे. ऊन नसेल आणि शेंडे कापले जात असतील, तर जगातले कोणतेही खत कळी आणू शकत नाही.

अंगणवेल

पाण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. रोजचे पाणी हा माझ्या मते सांजवेळ यांच्या वेलाचा तिसरा अडथळा आहे. फळबागेत बहार धरण्यासाठी झाडाला जसा ताण देतात, तसाच तो जाई-मोगऱ्यालाही देता येतो. छाटणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी हळूहळू तोडत न्यावे, वेलाला थोडा विसावा द्यावा, जुनी पाने पिवळी पडून झडू लागली की छाटणी करावी, बुंध्याभोवतीची माती हलकी खणून खत घालावे आणि मग भरपूर पाणी द्यावे. विसाव्यानंतर मिळालेल्या या पाण्याने डोळे एकदम फुटतात आणि फूट एकसारखी येते, त्यामुळे फुलेही विखरून न येता बहराने येतात.

ओलमाती

ताणाला माझा पाठिंबा आहे, पण त्याच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. तो जमिनीतील, मुळे खोल गेलेल्या, निदान दोन-तीन वर्षांच्या वेलालाच द्यावा. कुंडीतील माती तीन-चार दिवसांतच पूर्ण कोरडी होते आणि बारीक मुळे मरतात. तिथे ताण म्हणजे इजाच. आणि एकदा कळ्या दिसू लागल्या की ताण अजिबात नको, कारण कळ्यांच्या वेळी माती कोरडी पडली तर त्या उमलण्याआधीच गळतात. एरवी जमिनीतल्या वेलाला रोज थोडे पाणी देण्यापेक्षा मातीत दोन पेरे बोट खुपसून पाहावे आणि ते कोरडे निघाले तरच खोलवर पाणी द्यावे.

अंगणवेल

मर्यादा मान्य आहेत. कुंडीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझ्या भावाच्या गच्चीत १० इंची कुंडीत सहा वर्षे एकच जाई होती. फुले कमी होत होत थांबली. आम्ही ती उपटून पाहिली तेव्हा मातीपेक्षा मुळेच अधिक होती आणि ती कुंडीच्या आतून गोल गोल गुंडाळली गेली होती. बाहेरची मुळे बोटभर कापली, गोळा सैल केला, १४ इंची कुंडीत नवी माती आणि शेणखत घालून लावली आणि त्याच वेळी वेलही छाटला. एकदम फार मोठ्या कुंडीत हलवू नये असा माझा अनुभव आहे, कारण मग वेल पहिले वर्ष मुळे पसरण्यातच घालवतो आणि न वापरलेली माती ओली राहून मुळे कुजतात.

निळीशाई

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण याच धाग्यात विचारते. माझ्या वेलाला कळ्या भरपूर येतात आणि उमलण्याच्या आधीच गळतात. पाणी नियमित आहे, ऊन चांगले आहे. गळलेल्या कळ्या पाहिल्या तर त्या आखूड राहिलेल्या, तळाशी फुगलेल्या आणि जांभळट झालेल्या दिसतात. काही कळ्यांना मात्र सुईने पाडावे तसे गोल छिद्र आहे.

पर्णिका

आपण वर्णन केलेली ही दोन वेगवेगळ्या किडींची लक्षणे आहेत. तळाशी फुगलेली, जांभळट झालेली कळी नखाने उभी चिरून पाहा. आत अतिशय बारीक, पांढरट, पाय नसलेल्या अळ्या दिसतील. ती कळीमाशी आहे. डासाहून लहान असलेली ही माशी कोवळ्या कळीत अंडी घालते, अळ्या कळीचा तळ खातात आणि पूर्ण वाढल्यावर मातीत उतरून कोशात जातात. गोल छिद्र असलेल्या कळीत हिरवट अळी सापडेल. ती कळी पोखरणारी अळी होय, आणि ती एका कळीवर न थांबता शेजारच्या कळ्यांतही शिरते. अनेकदा कळ्या तिच्या रेशमी धाग्यांनी एकत्र बांधलेल्या दिसतात.

दोन्हींवर पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे बिघडलेली प्रत्येक कळी, झाडावरची आणि जमिनीवर पडलेलीही, रोज वेचून पिशवीत बंद करून फेकणे. ती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. कळीमाशीचे कोश मातीत असल्यामुळे बुंध्याभोवतीची माती वरच्यावर दोन-तीन इंच उकरून उन्हात तापू द्यावी. कळ्या अगदी लहान असतानाच आठ-दहा दिवसांच्या अंतराने निंबोळी अर्क फवारल्यास प्रादुर्भाव कमी होतो. अळी एकदा कळीत शिरली की फवारणीचा तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही.

निळीशाई

कळी चिरून पाहिली. एका कळीत चार अळ्या होत्या, त्या इतक्या बारीक होत्या की वाचण्याचे भिंग लावल्यावरच हलताना दिसल्या. दोन वर्षे मी या गळतीला उन्हाचा तडाखा समजत होते आणि वेलावर कापडाची सावली करत होते. आजपासून रोज वेचणी सुरू केली आहे.

सांजवेळ

धाग्यावर मधले सहा आठवडे काही लिहिले नाही, कारण लिहिण्याजोगे काही नव्हते. थंडी ओसरताना पाणी तोडले, अठराव्या दिवशी छाटणी केली. सहा फांद्या ठेवल्या आणि बाकी सर्व काढले. पाच पोती भरून वेल निघाला. जाळीवर जिथे हिरवी भिंत होती तिथे सहा उघडे दांडे उरले, आणि त्या संध्याकाळी मला खरोखर रडू आले. शेजारच्या झाडाची एक आडवी फांदीही परवानगी घेऊन काढली, त्यामुळे जाळीच्या मधल्या भागावर आता जवळजवळ पाच तास ऊन येते. हिरवळीला खत देणे थांबवले आहे आणि वेलाकडची हिरवळीची कड चार हात मागे घेऊन तिथे वाळलेल्या पानांचे आच्छादन केले आहे.

बाराव्या दिवशी पहिला डोळा फुटला. आज प्रत्येक दांड्यावर सात-आठ धुमारे आहेत आणि सर्वांत लांब धुमारा माझ्या कोपरापर्यंत येईल इतका झाला आहे. सगळे सरळ वर निघाले आहेत. त्यांना असेच वर जाऊ द्यावे का?

मुळाक्षर

सरळ वर जाऊ देऊ नका, निदान अर्ध्या धुमाऱ्यांना तरी नाही. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे द्रव्य खाली वाहत राहते आणि बगलेतले डोळे झोपलेले राहतात. तीच फांदी आडवी बांधली की शेंड्याचा हा वरचष्मा कमी होतो आणि पेरापेरांतून आखूड बगलफुटी उभ्या निघतात. जितक्या बगलफुटी तितकी टोके, आणि जितकी टोके तितके गुच्छ, हा या जाईचा हिशेब आहे.

बांधताना घाई करू नये. धुमारा कोवळा, हिरवा आणि लवचीक असतानाच वळवावा. तपकिरी झाला की तो पेरापाशी काडकन मोडतो. सकाळी तो पाण्याने टंच भरलेला असतो, म्हणून दुपारनंतर, थोडा सैल पडल्यावर, हे काम करावे. एका हाताने बुंध्याकडचा भाग धरावा, दुसऱ्या हाताने टोक पंख्यासारखे हळूहळू बाहेर आणावे, आणि सुती चिंधीने किंवा मऊ सुतळीने जाळीला इंग्रजी आठच्या आकारात सैल गाठ मारावी, म्हणजे गाठ फांदीला काचत नाही. पहिल्या दिवशी अर्धेच वळवावे, उरलेले आठवड्याने. तारेने कधीही बांधू नये.

सांजवेळ

आज छाटणीला तेरा आठवडे झाले.

गेल्या आठवड्यात आडव्या बांधलेल्या फांद्यांवरच्या बगलफुटी टोकाशी थांबल्यासारख्या वाटल्या. मला पुन्हा काळजी वाटू लागली, म्हणून भिंग घेऊन गेले. टोकावर नव्या पानांची जोडी नव्हती. तिथे तांदळाच्या कणीएवढे टोकदार दाणे होते, मधला एक आणि भोवती चार, आणि दोऱ्यासारखे ते पाच दातेही दिसत होते. पन्हळीमागच्या वाळलेल्या झुबक्यात पाहिले होते, अगदी तसेच. चार दिवसांत दाणे लांबले आणि एका बाजूने गुलाबी झाले. काल संध्याकाळी दिवे लावण्याच्या सुमारास पहिल्या तीन कळ्या उमलल्या. आज सकाळी मी फक्त मधल्या दोन फांद्यांवरचे गुच्छ मोजले, ते ३४ आहेत. सावलीत राहिलेल्या खालच्या भागात मात्र एकच गुच्छ आहे.

पन्हळीत शिरू पाहणारे दोन धुमारे मी कापले नाहीत, वळवून बांधले. मोठी कात्री आता फक्त कुंपणासाठी वापरली जाते.

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एक शेवटचा प्रश्न आहे: फुले गळून गेलेले गुच्छ तसेच ठेवावेत की काढावेत?

ओलमाती

हे वाचून फार आनंद झाला. गुच्छातील सर्व फुले संपली की तो गुच्छ त्याखालच्या पानांच्या पहिल्या जोडीच्या अगदी वर, सिकेटरने, एकेक करून काढा. त्या जोडीच्या बगलेतून नव्या फुटी निघतात आणि हवा उबदार असेल तर त्याच हंगामात पुन्हा गुच्छ धरतात. त्याहून खाली कापू नका. रात्री गार पडू लागल्यावर हे कामही थांबवा, म्हणजे वेल कोवळी फूट घेऊन थंडीत सापडणार नाही. आणि सावलीतला तो एक गुच्छ जिथे आला आहे, तिथून निघणारे धुमारे पुढच्या वर्षी उजवीकडच्या उन्हात वळवता येतात का, ते आताच पाहून ठेवा.